बॅटरी ठीक आहे

“सर, यूपीएसची बॅटरी ठीक आहे ना?” टेबलाखालून डोकं बाहेर काढत रसिकाने विचारलं.

“ठीक आहे,” अमरदीप म्हणाला.

ती ठीक नव्हती. मागच्याच महिन्यात त्याने तपासली होती. लाईट गेली की जेमतेम दोन मिनिटं टिकत होती.

कदम गुरुजी खिडकीपाशी बसले होते. उद्या सकाळी कोल्हापूर, परवा गळ्याचं ऑपरेशन. नंतर आवाज राहील की नाही, यावर डॉक्टरांनी काही कबूल केलं नव्हतं. चाळीस वर्षं गावोगावच्या जयंत्यांना गायलेली स्वतःची भीमगीतं त्यांना त्याआधी घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवायची होती. बारा गाणी गाऊन झाली होती आणि बाराही वाया गेली होती. गाणं रंगात आलं की रेकॉर्डिंगमध्ये मध्येच क्षणभर आवाज अडायचा, कट् व्हायचं आणि एखादा शब्द गिळला जायचा.

अमरदीप महिनाभर त्या ‘कट्’च्या मागे होता. रॅम बदलली, हार्ड डिस्क बदलली, माइकची वायर बदलली, विंडोज दोनदा नव्याने टाकली. मारुती मंदिरापाशी त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, एकोणीस वर्षांचं. रसिका तिथेच स्क्रू ड्रायव्हर धरायला शिकली आणि दिवाळीपासून साळवी स्टॉपला स्वतःचं दुकान काढून बसली. आज गुरुजींनी त्याला न विचारता तिलाही बोलावलं होतं.

तिने काहीच उघडलं नाही. एक छोटा प्रोग्रॅम चालवला, पडद्यावर उड्या मारणारी रेष पाहिली आणि म्हणाली, “पार्ट सगळे चांगले आहेत, गुरुजी. मदरबोर्डच्या आत जो मूळ प्रोग्रॅम असतो ना, बायोस, तो जुना आहे. तोच मधूनमधून सगळं मशीन क्षणभर अडवतो. कंपनीने सुधारून नवा दिलाय. तो टाकू.”

“अमर, तू महिनाभर धरून बसलास,” गुरुजी घोगऱ्या आवाजात हसले, “आणि ह्या बायने दहा मिनिटांत ओळखलंन!”

ते सहज बोलले. अमरदीपही हसला. आणि त्यानंतर तिने बॅटरीचं विचारलं होतं.

“टाकताना लाईट गेली तर?” गुरुजी म्हणाले.

“मग बोर्डच जातो. पण चार-पाच मिनिटांचंच तर काम. आणि यूपीएस ठीक आहे म्हणतात सर.” तिने पेन ड्राइव्ह लावला, बटण दाबलं.

पडद्यावर पट्टी सरकू लागली. अमरदीप भिंतीला टेकून उभा होता. लाईट जाईलच असं थोडंच आहे, त्याने मनाशी म्हटलं. आणि गेली तर? हा विचार त्याला नकोसा वाटला नाही. दहा मिनिटांत ओळखणारीच्या हातून बोर्ड गेला, हे संध्याकाळपर्यंत निम्म्या रत्नागिरीत पोचलं असतं. सांगायला त्याला कुठे जावंही लागलं नसतं.

पट्टी एकसष्ट टक्क्यांवर असताना डोक्यावरचा पंखा मंदावला. यूपीएस टीक टीक करू लागला.

“राहू दे, बॅटरी आहे,” रसिका म्हणाली.

गुरुजींचा हात नकळत गळ्यापाशी गेला आणि तिथेच राहिला.

अमरदीपने तो हात पाहिला. दुसऱ्या क्षणी तो टेबलाखाली घुसला. स्पीकरची पिन ओढली, माइकच्या डब्याची ओढली, मग मॉनिटरची. पडदा काळा झाला.

“सर! आता दिसणार कसं?”

“नको दिसू दे. जेवढी बॅटरी वाचेल तेवढी वाचेल.”

रसिकाने कॅबिनेटला कान लावला. टीक टीक जलद झाली. अमरदीपच्या मानेवरून घाम उतरत होता आणि तो टेबलाखालून बाहेर यायला तयार नव्हता. मग आतला छोटा पंखा एकदम घरघरला, कीबोर्डचे दिवे लागून विझले, आणि यूपीएस लांब किंचाळून बंद पडला.

काम पुरं होऊन मशीन नव्याने सुरू झालं होतं, की मध्येच गेलं, हे कुणालाच सांगता येईना. लाईट यायला पाऊण तास लागला. मथुराबाईंनी, गुरुजींच्या बायकोने, चहा आणून ठेवला, तो निवला.

लाईट आली. रसिकाने मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर बायोसचा नवा नंबर उमटला.

“सरांमुळे वाचलं,” ती गुरुजींना म्हणाली. मग हेडफोन अमरदीपच्या हातात दिला. “तुम्हीच ऐका. तो कट् तुम्हाला जास्त ओळखीचा.”

गुरुजी गायले. आवाज चिरकत होता, पण सुटत नव्हता. अमरदीप प्रत्येक कडव्याला ‘कट्’ची वाट बघत होता. पाच मिनिटं झाली, सात झाली. गाणं सरळ शेवटापर्यंत गेलं.

“झालं?” गुरुजींनी विचारलं.

“झालं,” अमरदीप म्हणाला.

पुढच्या गाण्यांसाठी बटण दाबायला मथुराबाई शिकल्या, तशी दोघं खाली उतरली. फाटकापाशी रसिका हेल्मेट घालू लागली.

“वर का नाही बोललीस?” अमरदीपने विचारलं.

“काय?”

“बॅटरीचं.”

तिने पट्टा तसाच लोंबता ठेवला. “लाईट गेली की माणूस आधी बाहेर डोकावतो, सर. शेजारीपण गेलीय का बघायला. तुम्ही थेट पिनेकडे गेलात. तेव्हाच कळलं मला.”

त्याने फाटकाची कडी काढली.

“‘ठीक नाही’ म्हणाला असतात, तर मी थांबले असते,” ती म्हणाली. “मी अजून तुमच्याच शब्दावर बटण दाबते.”

तिने स्कूटर चालू केली. वर गुरुजींनी दुसरं गाणं धरलं.