आईचा जबाब

खुनाची शिक्षा भोगणाऱ्या कुलदीपने पॅरोलसाठी अर्ज केला होता. त्याच्या मनात दया, पश्चात्ताप कितपत आहे हे तपासायचं काम अमरावतीच्या मानसतज्ज्ञ रागिणीकडे आलं. तुरुंगात त्याच्याशी बोलून झाल्यावर ती दर्यापूरला त्याच्या आईकडे गेली.

"लहानपणी मुक्या जनावरांना मारायचा का तो?"

"नाही जी," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"कुणाला दुखवलं, तर वाईट वाटायचं त्याला?"

"लय वाटे. रडे बिचारा."

दाराशी त्यांची सून आचल लेकीची वेणी घालत होती. तिचे हात थांबले.

रागिणी जायला उठली. म्हातारीला धीर द्यावा म्हणून म्हणाली, "काळजी करू नका, आजी. तुम्ही सांगितलं तसं असेल, तर त्याच्यापासून कुणाला धोका नाही."

"मंग तो घरी येईन?"

"बहुतेक येईल."

रुख्मिणीबाई सुनेकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आचल, पोरीले घेऊन जराशी बाहेर जाय."

दोघी गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं.

"बसा मॅडम. आता मले पयल्यापासून इचारा."