येऊ दे

आरशात ओरिन दिसला, तसा व्हर्नानं गिअर मागे टाकला.

डाव्या आरशात, नेहमीच्याच जागी. डोक्यावर ती मळकी निळी टोपी, एक पाय जरा फाकून उभा, आणि छातीसमोर दोन्ही तळवे स्वतःकडे हलवत: येऊ दे, येऊ दे. त्यानं मूठ वळली की थांबायचं. तिनं ऐकलं नाही की तो टोपी काढून मांडीवर आपटायचा आणि जेवणापर्यंत फुगून बसायचा. घरदार विकून दोघं या घरगाडीत राहायला आली तेव्हापासून अंगण रोज नवं, पण तमाशा हाच.

गेल्या मार्चात नेवाडातल्या एका पंपावर डिझेल भरता भरता ओरिन गेला. त्यानंतरच्या पहिल्याच मुक्कामी व्हर्ना एकटीनं गाडी मागे घेताना रडकुंडीला आली होती, आणि तो आरशात उभा राहिला. तेव्हापासून दर मुक्कामी येतो. गाडी लागली, इंजिन बंद केलं, की नसतो. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिच्या मुलानं, कर्टिसनं, तिला त्याच दिवशी ओमाहाला नेऊन तळघरातल्या खोलीत ठेवलं असतं. शिवाय तिला भीती वाटत नव्हती, बरंच वाटायचं. मेल्यापासून तो निदान ओरडत तरी नव्हता.

आज सकाळी मात्र कॉफी पिता पिता ती त्याच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली होती, "ओरिन, हा आपला शेवटचा मुक्काम. शनिवारी कर्टिस गिऱ्हाईक घेऊन येतोय. गुडघे ऐकत नाहीत रे आता. गाडी विकतेय मी."

खुर्ची काय बोलणार? कपाटातला एक मग तेवढा वाजला, पण तो वाऱ्यानंही वाजतो.

दुपारी पाण्याची टाकी भरून आणायला ती गावात जाऊन आली आणि आता गाडी पुन्हा जागेवर लावत होती. मुक्काम दरीकाठच्या एका पठारावर होता. तिथे सगळेच गाडीचं तोंड रस्त्याकडे आणि मागची खिडकी दरीकडे करतात, म्हणजे सकाळी पांघरुणातूनच दरी दिसते. आरशात लाल माती होती, तिच्यामागे लाल दरी. माती कुठे संपते ते आरशात कळत नव्हतं, पण ते बघायला ओरिन होता.

येऊ दे, येऊ दे.

एव्हाना त्यानं मूठ वळायला हवी होती. त्याचे हात उलट जास्तच लगबगीनं हलत होते. आणि तो हसत होता. गाडी लावताना ओरिन कधी हसल्याचं तिला आठवेना.

मागचं चाक दगडावरून गेलं, गाडी हिसकली आणि समोरच्या कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर टाकलेलं हातपुसणं घसरून खाली पडलं. मागचं दाखवणारा तो कॅमेरा कर्टिसनं बसवला होता. ओरिन असताना तिला त्याची गरज नव्हती, म्हणून तिनं पडदा झाकूनच ठेवला होता. पडद्यावर ओरिन नव्हता. माती नव्हती. खाली, फार खाली, नदीची हिरवी रेघ होती.

त्याच वेळी उजव्या आरशात एक माणूस दोन्ही हात डोक्यावर फडफडवत धावत आला. शेजारच्या गाडीतला गस, सकाळी तिला टोमॅटो देऊन गेलेला. व्हर्नानं ब्रेकवर पाय दाबला. कपाटातली सगळी भांडी एकदम ओरडली.

"अहो बाई! जिवावर उदार झालात की काय?" गस खिडकीशी येऊन धापा टाकत होता. "शेपूट बाहेर लोंबतंय गाडीचं! चाकामागे वीतभर जमीन उरलीय फक्त! बघत कुठे होतात?"

"नवऱ्याकडे," व्हर्ना म्हणाली. "कुठवर यायचं ते तोच सांगतो मला."

गसनं वळून मागे पाहिलं. मग तिच्याकडे.

"सकाळी तर म्हणालात, ते वारले."

"हो."

गसनं घसा साफ केला. त्याला काहीतरी बरं बोलायचं होतं. "मग आज... आज जरा चुकला म्हणायचा त्यांचा अंदाज."

व्हर्नानं डाव्या आरशात पाहिलं. जमीन जिथे संपली होती त्याच्या पलीकडे, पायाखाली काही नसताना, ओरिन एक पाय फाकून उभा होता. तळवे अजून हलत होते.

"नाही," ती म्हणाली. "ओरिनचा अंदाज बोटभरही चुकत नाही."

पाय अजून ब्रेकवर होता. तो नुसता उचलायचा होता, बाकी काहीच करायचं नव्हतं. तिला रडू आलं, पण भीतीनं नाही. इतक्या प्रेमानं त्यानं तिला कधीच बोलावलं नव्हतं.

"बाई," गस हळू आवाजात म्हणाला. त्यानं खिडकीतून हात घालून तिचा दंड धरला होता. "गिअर पुढे टाका. मी इथेच आहे."

तिनं गिअर पुढे टाकला. मागची चाकं मातीत जागच्या जागी फिरली, मग त्यांनी जमीन धरली आणि गाडी हळूहळू पुढे सरकली. गस तिचा दंड न सोडता बरोबर चालत राहिला.

आरशात ओरिननं टोपी काढून मांडीवर आपटली. मग ती डोक्यावर नीट बसवली, आणि गाडीच्या मागे मागे चालू लागला.