विमान उतरेपर्यंत

"मेलबर्न ते मुंबई, जवळजवळ दहा हजार किलोमीटर," हर्षालीनं मोबाइलमध्ये बघून चुलतीला सांगितलं. "मोठी आई, योगेशदादा संध्याकाळी उतरेल. तिथून दिंडोरी, म्हणजे मध्यरात्र होईल."

दिवस बुडाल्यावर गावात चिता पेटत नाही. म्हणजे उद्या सकाळ. चंद्रभागानं ओसरीवर बर्फाच्या पेटीत निजलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. सावळीराम पहाटे गेला होता. योगेश विमानात बसताना एवढंच म्हणाला होता, "आई, मला थांबा." मग त्याचा फोन बंद झाला.

थांबायला कुणी ना म्हणणार नव्हतं, तिथंच तर घोडं अडलं होतं. भावकीत मयत झाली की ती उचलेपर्यंत कुणाच्या द्राक्षबागेत कात्री चालत नाही. अंगणात सगळी भावकी गुडघ्यांना मिठी मारून बसली होती आणि मधूनच एकेकाची मान वर जात होती. पश्चिमेकडून ढग चढत होते. मार्च महिन्यात पावसाचं काय काम? पण तो मेला कुणाला विचारून येतो!

धाकटा दीर सहादू, हर्षालीचा बाप, याची द्राक्षं आजच काढायची होती. मजुरांची टोळी पहाटेच येऊन रिकाम्या क्रेटवर बसली होती. तयार घडांवर पाणी पडलं की मणी तडकतात, मग त्या मालाला कुणी हिंग लावून विचारत नाही. सहादूनं पुन्हा वर पाहिलं तसा चंद्रभागाला त्याचा राग आला. मग ध्यानात आलं, सकाळपासून आपणही वरच बघतोय.

"भाऊ, टोळी कवाची बसलीय?"

"बसू द्या वहिनी. माल काय, पुढच्या साली बी येईल. थोरले दादा येणार हायेत का परत?"

तो मनापासून बोलला, आणि तेच तिला सोसेना. कुरकुरला असता तर तीही हट्टाला पेटली असती. सावळीरामानं उभ्या जन्मात आपल्यापायी कुणाचं काम खोळंबू दिलं नव्हतं. आज तो असता तर कात्री घेऊन सगळ्यांच्या आधी बागेत गेला असता.

ती उठून पेटीपाशी गेली. काचेवर जमलेलं पाणी तिनं पदरानं पुसलं आणि चेहरा डोळे भरून पाहिला. आधी स्वतःसाठी, मग पोरासाठी.

"उचला," ती म्हणाली. "अग्नी तुम्ही द्या, भाऊ."

सहादू हबकला. "वहिनी, योगेश काय म्हणंल? जन्मभर बोल लावंल."

"लावू दे. मला लावंल, तुम्हाला नाय."

अंगणातली माणसं जडपणानं उठली. कुणी बांबू आणायला गेलं, कुणी मडकं. हर्षालीनं डोळे पुसून मोबाइल हातात घेतला. "मोठी आई, दादाला मेसेज टाकून ठेवते. उतरल्या उतरल्या बघेल."

चंद्रभागानं तिच्या हातातला मोबाइल हळूच खाली केला.

"नको पोरी. तो वर हाय तवर त्याचा बाप घरीच हाय. राहू दे."