पान उलटणारा

भाग्यश्रीनं मान हलवली. सुनीलनं पान उलटलं आणि हात मांडीवर ठेवून पुन्हा चेलोवाल्या शांतवनकडे रोखून बघायला लागला.

एवढंच काम होतं त्याला. पियानोशेजारी खुर्ची, समोर स्वरलिपीची पानं, शेजारी बायको. तिनं मान हलवली की पान उलटायचं. त्या टिंबांतलं आणि रेघांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. सातपूरच्या कंपनीतला सुपरवायझर माणूस तो. त्याचा आणि संगीताचा संबंध गणपतीतल्या ढोलापुरता. पण "पानं उलटायला कुणीतरी लागतं, तुम्ही बसाल का हो?" असं भाग्यश्रीनं विचारलं, तेव्हा तो इतक्या चटकन हो म्हणाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. आयतीच संधी चालून आली होती. आज बायकोला आणि त्या शांतवनला हाताच्या अंतरावरून बघायचं आणि काय तो सोक्षमोक्ष लावायचा.

दोन हजार सालचा डिसेंबर. नाशिकच्या कॉलेज रोडवरचं छोटंसं सभागृह, माणसं शाली गुंडाळून बसलेली. पियानोच्या पलीकडे शांतवन, गुडघ्यांमध्ये चेलो धरून. शरणपूरचा, शाळेत संगीत शिकवणारा, अजून लग्न न झालेला. आणि चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. आवाज खोल, माणसाच्या गळ्यातून आल्यासारखा. दर रविवारी हा बाबा ते धूड रिक्षात घालून त्यांच्या घरी यायचा. भाग्यश्रीला 'ताई' म्हणायचा. ताई म्हणणारे सुनीलनं पुष्कळ बघितले होते.

सराव सुरू झाला की ते बाहेरच्या खोलीचं दार लावून घ्यायचे. शेजाऱ्यांना त्रास नको, म्हणे. सुनील स्वयंपाकघरात पेपर उघडून एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचत बसायचा. पलीकडे आधी शांतता. मग एक खोल श्वास, शांतवनचा. मग दोघं एकदम सुरू. मध्येच थांबणं, कुजबुजणं, हसणं. पुन्हा शांतता आणि पुन्हा तोच श्वास. त्या श्वासानं सुनीलचं डोकं पोखरलं होतं. जेवताना आठवायचा, स्कूटर चालवताना आठवायचा. आणि बायकोला विचारणार तरी काय? तो एवढे सुस्कारे का टाकतो, असं?

विचारलं नव्हतं, पण ठरवून टाकलं होतं. आज काही वावगं दिसलं की उद्या पियानो विकायचा. शांतवन बंद, वाजवणं बंद, विषय संपला.

पहिला भाग संपला तसं लोकांनी टाळ्या वाजवल्या. मधे टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणे या संगीतात, पण नाशिककरांना ते कोण सांगणार! मागून कुणीतरी "क्या बात है!" असंही म्हणालं. शांतवननं कपाळ पुसलं, गज तारेवर टेकवला आणि तोच तो श्वास घेतला. भाग्यश्रीची बोटं त्या श्वासाबरोबरच खाली आली.

सुनीलचे कान तापले.

आता चाल संथ होती. भाग्यश्रीनं पानावरून नजर उचलली, शांतवनच्या दिशेनं बघितलं आणि हसली. तोंडभर नव्हे, ओठांच्या कोपऱ्यात. इतक्या वर्षांच्या संसारात हे हसू कधी सुनीलच्या वाट्याला आलं नव्हतं. सापडले! भर सभेत, नवऱ्याच्या नाकावर टिच्चून!

तिनं मान हलवली. सुनीलनं हात हलवला नाही.

वाजव म्हणावं आता. बघू किती हसतेस ते! तिनं पुन्हा मान हलवली, जरा जोरात. त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. आता अडखळेल. आता थांबेल. मग शांतवनही थांबेल आणि लोक बघत राहतील. बघू देत. पण दुसऱ्याच क्षणी तो भानावर आला. अरे, काय करून बसलो आपण! दिवाळीतसुद्धा फराळ बाजूला ठेवून ती या कार्यक्रमाच्या तयारीमागे लागली होती. त्यानं घाईघाईनं हात पुढे केला; पण आता पान कधी उलटायचं हे सांगणार कोण? भाग्यश्री मान हलवतच नव्हती.

आणि थांबलीही नव्हती. कागदाकडे ती बघतसुद्धा नव्हती. सुनीलनं घाबरून तिच्या नजरेचा माग घेतला. ती शांतवनच्या तोंडाकडे नाही, त्याच्या गजाकडे बघत होती. गज वळला की तिची बोटं वळत होती. शांतवनचे तर डोळेच मिटलेले. तेवढ्यात त्यानं पुन्हा तो श्वास घेतला, आणि इतक्या जवळून बघताना सुनीलच्या पहिल्यांदाच लक्षात आलं की हा सुस्कारा नाही. कंपनीत जड पेटी उचलताना पलीकडच्या गड्याला "हं, उचल!" म्हणतात, तसला हा इशारा होता.

सुनीलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटपर्यंत तो नुसता बसून राहिला. पानही तसंच राहिलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. भाग्यश्रीनं उठून लोकांना नमस्कार केला आणि ती पानं गोळा करायला वाकली. तिच्याकडे बघायचा सुनीलला धीर होईना.

"माझ्याकडून... पान उलटायचं राहिलं," तो कसाबसा म्हणाला.

"राहू द्या," ती हळूच म्हणाली. "मला सगळं पाठ आहे. खुर्ची मांडली होती ती तुमच्यासाठी. म्हटलं, काय ते एकदा जवळून बघून घ्या."