न मोडलेली नोट

जिजाबाईनं नोट दिली नाही, नुसती दाखवली. दुकानासमोर चुन्यानं आखलेल्या गोलात उभी राहून, तोंडाला पदर लावून, तिनं पाचशेची नोट दोन बोटांत वर धरली आणि यादी म्हटली. "दोन किलो तांदूळ, पावभर तेल, एक साबण. सुट्टे असतीन त घ्या, कवडूभाऊ."

सुट्टे नसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लॉकडाऊनचा दुसरा महिना. गल्लीतल्या किराणावाल्याकडे पाचशे मोडायला पैसे येणार कुठून? कवडू "राहू द्या, लिहून ठेवतो" म्हणायचा आणि जिजाबाई नोट पुन्हा पदराच्या गाठीत बांधून सामान घेऊन घरी जायची. असं तीनदा झालं होतं. नोट असलेल्या बाईला उधार मिळतं, नसलेल्या बाईला उपदेश.

सरकारनं जनधन खात्यात टाकलेले पाचशे तिनं बँकेच्या रांगेत साडेतीन तास उभं राहून काढले होते. पण पाचशेची नोट मोडली की तिला पाय फुटतात, हे कोणत्या बाईला सांगायला हवं? आणि घरात गुंजन होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरलेली. रोशन ऑटोवाल्यानं आधीच बजावून ठेवलं होतं, की पोलिसांचे नाके ओलांडून मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात न्यायचे पाचशे, आणि पैसे हातात पडल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही. म्हणून नोट अख्खीच राहायला हवी होती.

आज कवडूनं वही काढली नाही. "जरा समोर या, जिजाबाई," तो म्हणाला.

ती गोलातून पुढे आली. कवडूनं मान तिरकी करून नोट निरखली. तिच्या कोपऱ्यात हळदीचं बोट उमटलं होतं. रोगाच्या भीतीनं जिजाबाईनं ती साबणाच्या पाण्यात धुतली, तर डाग जायचा सोडून लालभडक झाला होता.

"हे लाल बोट मी सोमवारी शामलाच्या हातात पायलं. काल अंजनाबाईच्या. आज तुमच्या. एका नोटेवर पुरी गल्ली जेवून राहिली का?"

जिजाबाईचं तोंड उतरलं. दोघी शेजारणींचे पाचशे अजून आलेच नव्हते. रोज बँकेत जायच्या आणि हात हलवत परत यायच्या. घडीभर नोट दिली तर ती काय झिजते, असं जिजाबाईला वाटलं होतं. आता मात्र चोरी न करता चोरी पकडल्यासारखं झालं. गेली पत, असं तिच्या मनात आलं.

"त्यांच्या लेकरायनं काय खावं मंग, भाऊ?"

कवडू ओरडेल म्हणून तिनं खांदे आवळून घेतले होते. तो ओरडला नाही. त्यानं मागे बोट दाखवलं. फळीवर दोन डबे होते आणि कोपऱ्यात तांदळाचं एकच पोतं, तेही कंबरेत वाकलेलं.

"उद्यापासून मले द्याले काही नाई. इतवारी बाजाराचा ठोक मालवाला म्हणते, आधी नगद दाखव, मंग माल उचल. माह्या गल्ल्यात दहा-दहाच्या नोटा हायेत नुसत्या. त्यायचं बंडल बांधलं हाये. वरतून पाचशेची दिसली, त तो बी लिहून घेईन." मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणत म्हणाला, "दोन घंट्यासाठी द्या. दाखवतो अन् आणून देतो."

हसावं की रडावं, जिजाबाईला कळेना. दुकानदाराला आपली नोट हवी, याचा क्षणभर तिला अभिमानही वाटला. लगेच लेक आठवली.

"गुंजनची कंबर सकाळपासून दुखून राहिली," ती म्हणाली.

"दोन घंट्याच्या आत येतो. पास हाये माह्यापाशी."

द्यावी तर ऑटो गेला. न द्यावी तर उद्याची चूल गेली, आणि तिची एकटीची नाही, तिन्ही घरांची. तिनं नोट पुढे केली, मागे घेतली, पुन्हा पुढे केली. शेवटी कवडूनंच ती तिच्या बोटांतून अलगद सोडवून घेतली.

"दाखवजा," ती म्हणाली. "पण त्यानं हात समोर केला, त नोट मांगं घेजा."

कवडूनं मान हलवली, बंडल शर्टाच्या आत कोंबलं, शटर अर्धं ओढलं आणि स्कूटरला लाथ मारली. जिजाबाई घरी गेली नाही. रिकाम्या हातानं लेकीसमोर जायची तिची छाती होईना. ती दुकानाच्या पायरीवर बसली, उठली, पुन्हा बसली. कान घराकडे, डोळे इतवारीच्या रस्त्याकडे.