मातीची बादली

मे महिना होता, नळ दिवसाआड येत होता. तरी वायरमन देवराव रोज सकाळी अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत.

"प्यायले पाणी नाही, आन् तुमी मातीले पाजून राहिले," सिंधूताई कुरकुरत.

"कूलर जुना आहे वं. माती ओली असली तं करंट तिच्यात जाते, सुकली तं आपल्या अंगात."

ते आठ दिवस ड्यूटीवर बाहेरगावी गेले. "आठ दिवसांत काय होते," म्हणून सिंधूताईंनी पाणी वाचवलं.



नवव्या दिवशी, नवरा उन्हातून येईल म्हणून त्यांनी भेगाळलेला खड्डा ओलांडला, ओल्या अनवाणी पायांनी वाचवलेली बादली चालू कूलरमध्ये ओतायला नेली आणि तोल सावरायला त्याच्या पत्र्यावर हात टेकवला.