रोज वीस मिनिटं

बाईंनी टेबलावरून दोन अर्ज पुढे सरकवले. एक टिचकीसाठी आणि एक टिचकीच्या बापासाठी, पेंटरसाठी.

"लाजायचं काही कारण नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्याहून मोठी माणसं येतात या वर्गाला."

पेंटरच्या डोक्यात काही शिरेना. टिचकीचा अर्ज त्याला कळला होता. पोरगी दुसरीत होती, वाचायला बरी होती, पण सहा महिन्यांत तिने वर्गात एक अक्षर लिहिलं नव्हतं. फळ्यावरचं उतरवून घे म्हटलं की पेन्सिलीला टोक काढायला बसायची. टोक काढून काढून पेन्सिल संपवायची आणि मग दुसरी हातात घ्यायची. सोमवारपासून तिला पुन्हा पहिलीत बसवायचं ठरलं होतं, बापाची सही तेवढी बाकी होती. ती स्वतः बाहेर बाकावर होती. दाराच्या फटीतून तिचा एक हलणारा बूट दिसत होता. पण हा दुसरा अर्ज? मोठ्यांसाठी लिहा-वाचायचा संध्याकाळचा वर्ग? त्याच्यासाठी?

बाजारातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. या शाळेच्या फाटकावरची पाटीही त्यानेच रंगवली होती आणि अजून येता-जाता तो मान तिरकी करून तिच्याकडे बघायचा. आपल्यासारखं अक्षर आख्ख्या शहरात कुणाचं नाही, असं त्याचं मत होतं. ते तो न विचारता सांगायचा.

बाईंनी घरवाचनाची वही उघडली. शाळेचा नियम साधा होता. रोज वीस मिनिटं पोराला जवळ घेऊन बसायचं, वाचायचं, त्याचं लिहिलेलं बघायचं आणि पालकाने वहीत दोन ओळी लिहून खाली सही करायची. टिचकीची आई दवाखान्यात दुपारपाळी करायची, म्हणून हे काम पेंटरच्या गळ्यात पडलं होतं. त्याने पहिल्याच रविवारी शक्कल लढवली. चहा पिता पिता महिनाभराच्या कोऱ्या पानांवर सह्या ठोकल्या आणि मोकळा झाला. दोन ओळींचं बघू नंतर. दर महिन्याला तेच. बाई कधी काही बोलल्या नाहीत, तेव्हा या वह्या कुणी उघडतच नाही, अशी त्याची खात्री पटली.

आता ती पानं भरलेली होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पेन्सिलीने. एक अक्षर बोराएवढं तर दुसरं मोहरीएवढं, आणि प्रत्येक ओळ शेवटाकडे खाली घसरलेली.

"सही तुमची झकास आहे, ती कुणीतरी घोटून घेतलेली दिसते," बाई कौतुकाने म्हणाल्या. "पण बाकीचं लिहिताना किती कष्ट पडत असतील तुम्हाला, ते दिसतं. तरी एक दिवस चुकवला नाहीत."

परवाच्या पालकसभेत नाव न घेता त्यांनी ही वही सगळ्यांना दाखवली होती म्हणे. दोन आयांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पेंटरची कानशिलं तापली. असलं अक्षर आणि त्याचं? हे माझं नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं. मग त्याने ते गिळलं. कारण तेवढं बोलून भागलं नसतं, सहा महिन्यांतली वीस मिनिटंसुद्धा आपण दिली नाहीत हेही सांगावं लागलं असतं. गप्प राहिलं तर निदान आदर्श बाप म्हणून घरी जाता येत होतं. बाईंची नजर चुकवायला म्हणून त्याने वही ओढली आणि वाचायला लागला.

'आज दोन पानं वाचली. तिला गोष्ट आवडली.'

'आज तिने पाच ओळी लिहिल्या. मी सगळ्या बघितल्या.'

'आज तिचा क वाकडा आला. मी हसलो नाही.'

पेंटरने पान उलटलं. पुढेही तेच होतं. ह वाकडा आला, मी हसलो नाही. मी शेजारच्या काकांना दाखवलं नाही.

टिचकीने पहिल्यांदा ओळ लिहून आणली तो दिवस त्याला लख्ख आठवला. "हा क आहे की मोडकी खुर्ची?" असं म्हणून त्याने शेजारच्या दुकानदाराला हाक मारून वही दाखवली होती आणि दोघं पोट धरून हसले होते. टिचकीही हसली होती. निदान त्याला तसं वाटलं होतं. म्हणून मग कितीतरी दिवस तीच थट्टा चालली होती.

"बाई, हे तिने लिहिलंय," तो म्हणाला. "मी नुसत्या सह्या केल्यात, त्याही कोऱ्या पानांवर. वाचन-बिचन काही झालेलं नाही. तिला लिहिता येतं."

मग वर्गात का लिहीत नाही, असं बाईंनी विचारलं. पेंटरने वही त्यांच्याकडे फिरवली आणि 'मी हसलो नाही' या ओळीवर बोट ठेवलं. बोटाला निळा रंग लागलेला होता.

बाईंनी वाचलं. चष्मा काढून पुसला. टिचकीचा अर्ज उचलून मधोमध फाडला आणि दुसऱ्या अर्जाकडे हात नेला.

"हा असू द्या," पेंटर म्हणाला आणि त्याने खिशातलं पेन काढलं.

त्याने नाव लिहिलं. बाईंनी ते अक्षर बघितलं, मग खिडकीतून फाटकावरच्या पाटीकडे बघितलं. अर्जाच्या शेवटी एक रकाना होता. काय शिकायचं आहे: वाचन, लेखन, इतर. पेंटरने वाचनावर काट मारली, लेखनावर काट मारली आणि 'इतर'च्या पुढे, एवढ्या वर्षांत कुठल्याही पाटीवर काढलं नव्हतं इतक्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'गप्प बसायला.'